टॅपेट गप्प केल्याबद्दल

तीर्थरूप मामांना, काळ्या हातांच्या भाच्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात). इकडे सगळे मजेत. तुमचा रक्तदाब ठीक असेल तर हे पत्र बसून वाचा, नसेल तर आडवे होऊन.

जुनी गाडी आणि मामी अशा दोघींना माझ्या गॅरेजच्या दारात सोडून, ‘बघ जरा’ म्हणत तुम्ही बस धरलीत. रविवारी जुन्या गाड्यांची मिरवणूक, तुमची नवी टोपीही शिवून आली म्हणे, आणि गाडी चढावर धापा टाकत मेली. (मामीने ढकलली. तुम्ही स्टिअरिंग धरलं होतंत, ते जोखमीचं काम.) पेट्रोलात खोट आहे, या तुमच्या निदानावर मी मान डोलावली, मोठ्यांपुढे काय बोलणार! मग इंजिनाचं झाकण काढलं आणि कपाळावर हात मारला. व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या झडपा, उघडणारे टॅपेट टिकटिकतात म्हणून तुम्ही पाना घेऊन एकेक आवळत गेलात, पार आवाज बंद होईपर्यंत? अहो, ती टिकटिक म्हणजे इंजिन धड असल्याची खूण! व्हॉल्व्हला दाबणारा दांडा, म्हणजे रॉकर, आणि व्हॉल्व्ह यांच्यामध्ये पातळ पत्ती सरकेल एवढी फट लागतेच. तापलं की लोखंड वाढतं. फट नसेल तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, आतली आग त्याच्या कडेने निसटते आणि तो गुपचूप जळत राहतो. तुमच्या एका व्हॉल्व्हच्या कडेचा तर लचकाच तुटलाय. आणि वर गल्लीला बोलावून ‘ऐका, कशी शांत चालते’ म्हणून मिरवलंत! अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणारे पुष्कळ पाहिले मामा, तुम्ही नुसत्या वासाने झालात.

हे मी मामीला समजावत होतो. तो जळका व्हॉल्व्ह तिने हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाली, “घरात तरी दुसरं काय? मी बोलायला लागले की यांचं डोकं दुखतं.” तेव्हापासून जी बोलतेय ती अजून थांबलेली नाही! आम्हाला आपलं वाटायचं, मामी स्वभावानेच अबोल. मला फार वाईट वाटलं, खरंच.

असो. नवा व्हॉल्व्ह बसवला, फटी लावल्या, गाडी आता टिकटिकत चढ चढते. लहान तोंडी मोठा घास घेतलाय. राग आलाच तर तुमच्या बहिणीला कळवा. माझी आई या बाबतीत माझ्याच बाजूची आहे.

ता. क. येताना तो पाना घेऊन या. माझ्याकडे कुलुपात राहील.

ता. क. दुसरा. बसनेच या, किल्ली मामीकडे आहे. तिला गाडी लग्नाआधीपासून येते; तुम्ही कधी विचारलंच नाहीत म्हणे. रविवारी तीच चालवणार. तुमच्यासाठी मागची सीट पुसून ठेवली आहे, टोपी घालून खुशाल बसा. तिची अट एकच: आवाज कसलाही येवो, तुम्ही तोंड उघडायचं नाही.