हैबतीकाकांची कोरडी बोअर

पुणे, ५ जानेवारी २०२५

ती. हैबतीकाकांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्ही नुसतं बरं बरं म्हणता आणि रेंज जाते, म्हणून पत्र. पंचायतीने उघड्या बोअर बुजवायला सांगितल्यात असं कळलं. काका, हात जोडते, आपली बुजवू नका!

पाणाड्याच्या तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून तुम्ही पाचशे फूट खाली गेलात, थेंब लागला नाही, आणि शेजारचा महादू अजून फिदीफिदी हसतो, हे ठाऊक आहे मला. पण मला हवी ती नेमकी अशीच! वरची ऊब खडकात फार सावकाश उतरते. तापमापक खाली सोडला की पणजोबांच्या काळी हवा किती गार होती याचा अंदाज बांधता येतो. पाणी वाहत असलं की सगळा घोळ होतो, आणि बाकी सगळ्यांच्या बोअरला पाणी आहे! वर्षभर शोधते आहे. ही गेली तर माझं संशोधन तिथेच अडलं. पंधरा दिवसांत माझे मार्गदर्शक सर आणि मी वरंध घाटाने येतो. आवडीकाकीला नमस्कार.

तुमची लाडकी (असं मी समजते),
निशिगंधा

वाडी, ता. पोलादपूर, १७ जानेवारी

चि. निशिगंधास अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून हसू का नाचू असं झालं. तडक सरपंच वैशालीताईंकडे गेलो. म्हटलं, बुजवायची नाय, माझी पुतणी तिचा ताप बघायला येणार हाय. शिमग्यापर्यंत मुदत दिली त्यांनी.

पण पोरी, घात झाला. पुण्याचे साहेब येणार म्हणून तुझ्या काकीने काल बोअर धुतली! बंबभर कढत पाणी ओतलं आत. मी कपाळाला हात लावला. ती रडते आणि म्हणते, पावण्यांना जळमटं कशी दावायची? कालपासून दोघांच्या घशाखाली घास उतरत नाही. सगळं फुकट गेलं का, ते खरं खरं लिही.

तुझा काळजीत पडलेला,
हैबतीकाका

पुणे, २ एप्रिल

ती. काका-काकीस,
शि. सा. न. वि. वि.

काकीचं पाणी निवायला थांबलो आणि शिमग्याच्या तोंडावर तापमापकाची तार आत सोडली, तेव्हा तुम्ही दोघं हात जोडून उभे होतात. ते आठवून अजून हसू येतं.

आता ऐका! खोल जाल तसा खडक ऊन होत जायला हवा. आपल्या बोअरमध्ये वरचा खडकच खालच्यापेक्षा ऊन निघाला! म्हणजे गेल्या शंभरेक वर्षांत आपली वाडी अंदाजे एका अंशाने तापली. काकीच्या पाण्याचा मागमूसही नाही. आलेख बघून मी खुर्चीवरून उडीच मारली. तापणं ही काही आनंदाची गोष्ट नव्हे, पण कुणालाच माहीत नव्हतं ते आपल्या परसात कळलं! सर म्हणतात, आता दरवर्षी मोजू. लोखंडी झाकण आणि कुलूप पाठवते आहे.

तुमच्या मायेची हक्कदार,
निशिगंधा

वाडी, १४ एप्रिल

चि. निशिगंधास अनेक उत्तम आशीर्वाद.

झाकण बसलं. वैशालीताई स्वतः बघून गेल्या, बुजवायचं नाव नाही आता. किल्ली तुझी काकी कमरेला लावून फिरते.

तुझं पत्र देवळात मोठ्याने वाचलं. म्हाताऱ्या प्रयागबाईने विचारलं, माझ्या लगनातली हवा हाय का रे त्यात? मी ठोकून दिलं, हाय. चुकलं असेल तर तू सांभाळून घे.

आणि काल महादू येऊन गेला. झाकणाभोवती दोन फेऱ्या मारल्या, तंबाखू मळली, मग हळूच विचारलं, हैबती, मी नवी बोअर मारली तर माझीपण कोरडी लागेल का रे?

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
हैबतीकाका