आईच्या कपाटांची हँडलं

ता. ४ मार्च

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

सोमवारी सुतार आईच्या स्वयंपाकघरातल्या कपाटांना हँडलं बसवणार आहे. तिची नजर आता उजेड-अंधाराएवढीच उरली, तरी एकटीच राहीन म्हणून हटून बसली आहे. म्हणून मी ठरवलं, प्रत्येक हँडल बोटांना वेगळं लागलं पाहिजे. औषधांना खरखरीत, धान्याला नक्षीचं, भांड्यांना गुळगुळीत पितळी, फिनेलच्या कपाटाला दातेरी. दुकानात तिलाच निवडायला नेलं. हातात येईल ते चाचपून छान आहे म्हणाली. इतकं गुणी गिऱ्हाईक दुकानदाराने जन्मात पाहिलं नसेल.

तुझं मत कळव. ‘ताई म्हणेल ते’ असं लिहू नकोस.

लोभ आहे, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी
ताई

ता. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

एका ओट्याभोवती चार तऱ्हेची हँडलं म्हणजे भंगाराचं दुकान! मी असतो तर सगळी काळी मॅट घेतली असती, बोटांचे डागही दिसत नाहीत. बरं, रागावू नकोस.

माझ्याकडे खोली रिकामी आहे. पण नेण्याचा विषय काढला की आई फोन ठेवून देते. तुझ्या हँडलांनी तिचं भागलं तर राहू दे तिला. नाही भागलं, तर मी न्यायला येतो.

धाकट्यावरची माया आटू देऊ नये.

तुझा
बाळ्या

ता. २० मार्च

चि. बाळ्यास,
अ. उ. आ.

हँडलं बसली. मी सांगेन ते कपाट आईने अचूक उघडलं. मला धन्य वाटलं. दुसऱ्या दिवशी ती एकटी असताना दारातून पाहिलं, तर ती वाकून प्रत्येक हँडलाला ओठ लावत होती.

तिचे हात हातात घेतले. बोटांची टोकं भाजलेली, फोड फुटलेले, आणि तिला पत्ता नाही. बोटं कधीपासून बधिर आहेत विचारलं, तर म्हणाली, काल कपाटं मोजून उघडली, बोटं डोळ्यांच्याही आधीपासून गेलीत. सांगितलं असतं तर तुम्ही मला इथे ठेवलं असतं का?

तू न्यायला येणार, हे मी तिला सांगितलं. तिने वाद घातला नाही. तू येईपर्यंत स्वयंपाक मात्र मीच करणार, एवढंच म्हणाली. मला नाही म्हणवलं नाही. ती गॅसपाशी उभी असते आणि मी तिच्या हातांवर नजर ठेवून मागे उभी असते.

लवकर ये. लोभाचं तू आलास की पाहू.

तुझी
ताई