आमच्या गाडीचे ब्रेक आणि माझा अबोला

चि. धाकट्यास,

ताईचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ कशी आहे? तुझ्या बायकोचा खोकला गेला का? मी अगदी ठणठणीत आहे (एवढं वाक्य तुझ्या दाजींना वाचून दाखवलं, पुढचं दाखवणार नाही).

पत्रास कारण, आमची गाडी. हे चालवत असले आणि मी शेजारी बसले की ती मोकळ्या रस्त्यावर, पुढे माणूस ना कुत्रं, गचकन थांबते. पहिल्यांदा हे म्हणाले, ब्रेक जाम होतायत. माझा स्वभाव तुला ठाऊक आहे. दुसऱ्याच दिवशी गाडीला आणि ह्यांना मेकॅनिकसमोर नेऊन उभं केलं. त्याने चारही चाकं उतरवली, ब्रेक-पॅड बदलले, ब्रेक ऑइल बदललं (हे बाजूला उभे, काच फोडलेल्या पोरासारखा चेहरा करून, मला वाटलं, गाडीची काळजी). मेकॅनिकने चालवली, गाडी झकास. ह्यांनी एकट्याने चालवली, तरी झकास. मी ब्रेकच्या आवाजाकडे कान लावून बसले आणि गचकन!

मग मेकॅनिक माझ्याकडे न बघता म्हणाला, त्या बाजूला भार जरा जास्त पडत असेल. आणि धाकट्या, एवढ्या वर्षांच्या संसारात माझ्या एकाही बोलण्याला ह्यांनी इतक्या घाईने मान डोलावली नव्हती! खात्रीसाठी शेजारीणबाईंना माझ्या जागी बसवून फिरवून आणलं (भाराच्या बाबतीत त्या माझ्या चार पावलं पुढेच आहेत). गाडी कुठेही अडली नाही. बाई खूश, मी लालबुंद.

मी अबोला धरला. तोंड खिडकीकडे, ओठ घट्ट मिटलेले. त्या दिवशी बाजारातून येताना गाडीने नुसता उच्छाद मांडला. जरा पुढे गेली की गचकन. मागचे लोक हॉर्न बडवतायत. शेवटी भांडायला म्हणून वळले, तर ह्यांचा पाय ब्रेकवर आणि डोळे माझ्यावर. माझा श्वास चालतोय का, ते बघत होते.

मागे गाडीतच माझी शुद्ध हरपली होती, आठवतं? मला डुलकी लागली असं समजून हे तसेच गाडी चालवत राहिले होते. गोळ्यांनी मी सावरले. हे नाही सावरले. मी गप्प झाले की ह्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. विचारलं तर म्हणे, "छे गं, ब्रेकच खराब." मला इतकं भरून आलं, की रडत रडतच मी भाजीच्या भावाबद्दल बोलायला लागले. गाडी सरळ घरी आली.

आता मी गाडीत तोंड बंद ठेवत नाही. दुकानांच्या पाट्या वाचते, त्या संपल्या की तुझ्या लहानपणच्या खोड्या सांगते. ह्यांना त्या सगळ्या पाठ झाल्या आहेत, तरी हसतात.

तुझी,
ताई

ता. क. ठणठणीत आहे म्हणाले खरी, पण मंगळवारी माझ्या हृदयाची तपासणी आहे. मशीनमध्ये न हलता, न बोलता पडून राहायचं, आणि हे दाराबाहेर एकटे. तेवढ्यासाठी तू ये. ह्यांच्याशेजारी बस आणि मी बाहेर येईपर्यंत गप्प राहू नकोस. काहीही बोल.

आणखी एक. ब्रेकचा विषय निघालाच, तर खराब आहेत असंच म्हण.