अब्बांच्या पलंगाचे पाय

अम्मी,

पलंग जागेवर नाही म्हणून घाबरू नका. आज तो रुबिनाच्या सासरी पोलादपूरला जायचा होता, पण मी तो टेम्पोत घालून कापडे गावच्या रावजी सुतारांकडे नेतेय.

सकाळी झाडताना पलंगाखाली पिठासारखा भुसा दिसला. पायावर ठोकलं तर आतून पोकळ वाजलं. भुंगा लागलाय. तसाच पाठवला असता तर त्यांच्या दारं-खिडक्यांनाही लागला असता आणि बोलणी रुबिनाला खावी लागली असती.

सुतार येऊन पाहून गेले. म्हणाले, "चारी पाय गेले, पण डोक्याकडची फळी सागाची हाय. तिला काय झालं नाय." म्हणजे अब्बांनी स्वतः कोरलेली वेल शाबूत आहे. नवे पाय बसवून उद्या संध्याकाळी पलंग पोचवते.

सुनेने परस्पर केलं म्हणून रागवा. पण विचारलं असतं तर अब्बांची वस्तू तुम्ही कापू दिली नसती.

रुबिनाच्या सासूबाईंना फोन मीच केला. म्हणाल्या, "आधी सांगितलंस ते बरं केलंस, बेटी. एका दिवसाने काय बिघडतंय?"

आणखी एक. भुंग्याच्या भोकांत कुणीतरी मेण भरून वर पॉलिश मारलं होतं, तेही ताजं. रुबिनाने विचारलं, "भाभी, हे कुणी केलं?" मी म्हटलं, जुनंच असेल. तुम्हीही तेच सांगा.

झोया