मामांच्या न्हाणीघरातला बिनदाती बेडूक

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (टेबलभर बाटल्या असल्यामुळे मनातल्या मनात). गुडघा कसा आहे? मामी तुम्हाला बंद केलेल्या दवाखान्यात अजून जाऊ देतात का? रिटायर झालेल्या दातांच्या डॉक्टरचे हात शिवशिवत असणारच. लहानपणी माझे दोन धडधाकट दात तुम्ही ‘आलाच आहेस तर’ म्हणून काढलेत आणि डबीत जपून ठेवलेत, त्याबद्दल मी तुम्हाला कधीच माफ केलं आहे.

आता बातमी, आणि ती बसून वाचा. तुमच्या न्हाणीघरात सापडलेला, तुम्ही स्पिरिटच्या बाटलीत घालून पाठवलेला बेडूक नवा निघाला. नुसता नवा नाही, त्याच्यासाठी वेगळं कूळ काढावं लागलं! बावीस वर्षं मी संग्रहालयाच्या तळघरात बेडकांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवतोय. विभागप्रमुख मला ‘चिठ्ठीवाले’ म्हणतात (हे तोंडावर, पाठीमागचं शिपायाला ठाऊक). त्यांनी बाटली लांबून पाहिली आणि बेडूक नेहमीच्या मोठ्या कुळात ढकलला. पण कूळ असं लांबून ठरत नाही. वरच्या जबड्यावरून सुई फिरवायची असते. त्या कुळातल्या बेडकांना तिथे बारीक दात असतात, सुई करकरते. तुमच्या बेडकाच्या जबड्यावरून ती काचेवरून बोट फिरावं तशी फिरली. मी भिंग बदललं, चष्मा बदलला, जेवणाची सुट्टी सोडली. एक दात नाही! जबडा इतका साफ, की जणू कुणी घासूनपुसून ठेवलाय. छातीचं हाड मात्र थेट दातवाल्यांचं. असं मिश्रण आमच्या एकाही पुस्तकात नाही, मामा.

विभागप्रमुखांनी स्वतः सुई फिरवली आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा मला ‘बसा’ म्हणाले. निबंध सोमवारी छापायला जातोय, लेखक मी एकटा. बेडकाच्या प्रजातीला तुमचं नाव दिलंय, आणि कुळाचं नाव प्रजातीवरूनच पडतं, म्हणजे अख्ख्या कुळाला तुमचंच नाव लागणार. मला फार अभिमान वाटतोय. आई असती तर तिने गल्लीभर सांगितलं असतं.

तुमचा (आता बसून काम करणारा) भाचा

ता. क. बाटलीत जाण्याआधी बेडूक दोन दिवस तुमच्या दवाखान्यात होता, असं मामी काल फोनवर सहज बोलून गेल्या.

आणखी एक ता. क. मामा, खरं सांगा. मी रागावणार नाही. फक्त सोमवारच्या आत ती डबी उघडून बघा, आणि माझ्या दोन दातांशिवाय आत आणखी काही असेल तर ते पाठवून द्या.