त्याला ज्वारी म्हणू नका

११ फेब्रुवारी, नांदेड

"बाई, जे पीक मरत नाही त्याला शेतकरी तण म्हणतो." पीएच.डी.चा विषय सांगितला तेव्हा गाइड सर असं म्हणाले होते. मी हसले होते. तरुण होते, वाटलं थट्टा करतायत.

आज वार्षिक मीटिंगमध्ये काळे सर तेच म्हणाले, थट्टा वगळून. केंद्राचे प्रमुख आहेत, त्यांना थट्टेची गरज नाही.

"मॅडम, तुमच्या त्या बारमाही प्रकाराला ज्वारीच्या यादीत घेता येणार नाही. दाणे मोजून चार. उतारा नाही म्हणजे ज्वारी नाही. गवत म्हणा."

"सर, आई ज्वारी आहे, बाप बरू. रानातला आहे, पण ज्वारीचाच भाऊबंद—"

"मग बापाचं नाव लावा. गवत."

मागून कुणीतरी, "गवतावर तर म्हशीसुद्धा डॉक्टरेट करतात." सगळे हसले. चहा देणारा पोऱ्यासुद्धा.

रिपोर्टात 'ज्वारी' खोडून 'गवत' लिहिलं. सही केली. घरी येऊन भात टाकला आणि गॅसपुढे नुसती उभी राहिले.

१४ फेब्रुवारी, लातूर

पहाटेच्या एसटीने आले. लोह्यापासून अहमदपूरपर्यंत दोन्ही अंगांनी काळी भुई भेगाळलेली. रब्बीची ज्वारी घोट्याएवढी वाढून कागदासारखी वाळलीय. बसमध्ये सगळे खिडकीबाहेर बघत होते. कंडक्टर तेवढा खेकसत होता.

उपकेंद्रावर रज्जाकभाई. प्लॉटची राखण, पाणी, कुंपण सगळं त्यांच्याकडे. वरून निरोप आला म्हणून बोर्ड रंगवून ठेवलेला. 'बारमाही' मावलं नाही, नुसतं 'गवत'.

"मॅडम, बाहेर तर सगळ्यांचीच ज्वारी गवत झाली औंदा. बोर्ड मात्र आपल्यालाच."

हसू आलं. महिन्याभरात पहिल्यांदा.

आणि थोरली! या प्लॉटमधलं सगळ्यांत जुनं झाड. कितव्यांदा कापली, पुन्हा त्याच मुळावर उठली. औंदा पाणी नाही तरी कणीस भरलं. दाणा दाताखाली धरला. कच्च. आत पीठ! बरूच्या पोरांचे दाणे नुसते टरफल असतात. हिच्यात पीठ.

किती वर्षं या एका आवाजासाठी.

पण बी ठेवून भागत नाही, हीच पंचाईत. हिचं बी पेरलं की पोरं आईसारखी निघत नाहीत, कुणी वांझ, कुणी निव्वळ बरू. बाकीच्यांचं संशोधन डब्यात मावतं, कपाटात राहतं. माझं जमिनीत उभं आहे. ती जगली तर पुढचं काम. ती गेली तर

संध्याकाळी कणसं कापून घेतली. ताटं जमिनीलगत छाटली.

५ मार्च, लातूर

फुटली. सगळा प्लॉट फुटला. आजूबाजूला हिरवं असं काही नाही, बाभळीसुद्धा धुळीच्या रंगाच्या झाल्यात. रस्त्याने जाणारे सायकल थांबवून बघतात. त्यांच्या बघण्यात कौतुक नाही.

नवा जिल्हा झाल्यापासून लातुरात जो तो जागा मोजतोय. आज टेपवाले आमच्याकडे आले. साहेब लोकांच्या क्वार्टर्सना जागा हवी. काळे सर बरोबर होते, मला बघून न बघितल्यासारखं केलं. हात लांब करून त्यांना दाखवत होते, "इथून तिथपर्यंत. गवतच आहे."

रज्जाकभाईंना बजावलं, आत शेळीसुद्धा सोडायची नाही. तहानलेल्या ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यात विष असतं. बरूच्या रक्तामुळे हिच्यात जास्तच असणार.

"हौ मॅडम. माझी शेळी तुमच्याहून शहाणी. वासानंच मागं फिरती."

२२ मार्च, नांदेड

काळे सरांनी बोलावलं. लातूरच्या चारा छावणीने हिरवा चारा मागितलाय. प्लॉट कापून द्यायचा.

म्हटलं, कापा. मुळं शाबूत राहतील, पुन्हा येईल. पण हिरवा घालायचा नाही. कापून उन्हात पसरायचा, चांगला कडक वाळू द्यायचा, मग गुरांपुढे. आणि आत्ता अजून फार कोवळा आहे.

"गवतात कसलं विष, मॅडम? रिपोर्ट तुमचा. सही तुमची."

"सर, ते तुम्ही लिहायला लावलंत."

"लोकांची गुरं मरतायत आणि तुम्हाला तुमचं रान हिरवं बघायचंय. बाईमाणसाला जरा तरी दया असते."

केबिनबाहेर टायपिस्ट ऐकत होती. माझ्याकडे बघून मान हलवली. सरांच्या बाजूने.

घरी विचार करत बसले. खरंच का मला गुरांपेक्षा ती प्यारी? कापायचं म्हटल्यावर आधी थोरली आठवली, गुरं नाही, हे खरं. विषाचं सांगितलं तेही खरं. दोन्ही खरं असलं की माणसाचा आवाज खोटा लागतो. माझा लागला असेल.

२८ मार्च, नांदेड

सकाळी दारात रज्जाकभाई. पहिल्या बसने आलेले. पाणी दिलं, प्याले नाहीत.

काल मला इथे परीक्षेच्या पेपरांना बसवून ठेवलं होतं. तिकडे ट्रॅक्टर गेला. प्लॉट कापला, छावणीत मशीनवर कुट्टी केली आणि तशीच हिरवी गव्हाणीत. काळे सरांच्या गळ्यात हार. फोटो.

"मी बोललो, मॅडमनी वाळवायला सांगितलं. सर बोलले, तू चौकीदार है की डॉक्टर?"

पुढचं तुटक तुटक सांगितलं. गुरं थरथरायला लागली. धापा. तोंडाला फेस. मग धपाधप बसली. जनावरांचे डॉक्टर आले, इंजेक्शनं दिली, पुष्कळशी उठली. सगळी नाही.

"बैलजोडी गेली एक. मन्मथप्पाची. ज्याच्या रानात छावणी आहे ना, तोच. पाणी पण त्याच्याच विहिरीचं पितात सगळे."

मी पेपर तपासत होते. त्याच वेळी. लाल पेनने

२९ मार्च, लातूर

छावणीत गेले. रज्जाकभाई नको म्हणत होते.

मन्मथप्पा विहिरीच्या काठाशी बसलेले. कपाळाला विभूती, गळ्यात लिंग, सदरा स्वच्छ. मोंढ्यात किराणा दुकान आहे, पण जीव रानात, असं लोक सांगतात. दोर हातात होता. नुसता दोर.

मी काही बोलायच्या आत तेच बोलायला लागले, मला कुणी सरकारी बाई समजून. "लिवून घ्या. गवत म्हनून घातलं म्या. ज्वारी म्हनले असते तर शिवलो नसतो. आमच्यात लेकराला बी ठाव असतंय, पानी न्हाई त्या साली कोवळ्या ज्वारीनं किराळ लागते. जनावर उभ्या उभ्या जातं. पर गवत म्हनले. बोर्डावर गवत व्हतं."

"अप्पा, ती ज्वारी माझी आहे. मी केलीय."

दोर बाजूला ठेवला.

"मंग बोर्डावर गवत कामून?"

काळे सरांचं नाव जिभेवर आलं होतं. पण सही तर मीच केली. "मी सही केली," एवढंच म्हटलं.

"जावा बाई. माझ्या म्होरं थांबू नका."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

६ एप्रिल, नांदेड

चौकशी. काळे सर पुढच्या रांगेत, माझा प्रबंध मांडीवर. खुणेच्या चिठ्ठ्या लावून आणलेला.

"ही ज्वारीच आहे. मॅडमनी स्वतः लिहिलंय, ज्वारीची बारमाही जात. आणि ज्वारी कोवळी असताना विषारी असते हे त्यांना पहिल्यापासून माहीत होतं."

इतकी वर्षं हे वाक्य या माणसाच्या तोंडून ऐकायचं होतं. ऐकलं.

मी म्हटलं, सरांना आधी सांगितलं होतं. विचारलं, लेखी आहे का? नाही. तोंडी. टायपिस्टला विचारलं. तिला आठवत नाही.

निर्णय: महिनाअखेर प्लॉट नांगरून मुळं जाळायची, जागा क्वार्टर्सना द्यायची. माझी बदली बियाणे तपासणीत. बाहेर पडताना मागून, "विषकन्या." कुणी म्हटलं ते बघायला वळले नाही.

वर्तमानपत्रात 'विषारी ज्वारी'. आता सगळेच ज्वारी म्हणतात.

१२ एप्रिल, जळकोट

दादाकडे. माझ्या सख्ख्या भावाकडे नाही मागायचं तर कुणाकडे? म्हटलं, बांधालगत कोपरा दे, थोरलीच्या काशा, मुळांचे तुकडे, खणून आणते, तिथे लावते.

दादा जेवता जेवता थांबला. "शकू, आबांची कंबर कशानं गेली ठाऊक हाय ना? कुंदा खणून. हातभर खाली जायचे, एक काशी राहिली की पुढच्या साली पुन्हा रान भरायचं. अन् तू मला तसलीच ज्वारी आणून देतीस?"

"ही पसरत नाही तशी. मी निवडून—"

"आज न्हाई. तू गेल्यावर?"

वहिनी म्हणाली, "अहो, चार हात जागा मागतायत त्या."

"कुंदा बी आधी चार हातच असतो."

चूक म्हणता येत नाही त्याला. पसरेल की नाही हे मलाही आणखी बरीच वर्षं बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. निघताना वहिनीने शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. दादा स्टँडवर सोडायला आला, बस हलेपर्यंत उभा होता.

१९ एप्रिल, नांदेड

मागच्या खेपेला थोरलीचा एक तुकडा खणून आणला होता, गच्चीवर पत्र्याच्या डब्यात. नळ दोन-तीन दिवसांआड येतो. माझ्या अंघोळीचं पाणी तिला. घरमालकीण जिन्यात अडवून म्हणाली, "वरती विषाचं झाड लावलंय म्हणे तुम्ही? आमच्याकडे लहान लेकरं आहेत."

म्हटलं, लेकरं गवत खात नाहीत. फटकन दार लावलं मी. नंतर लाज वाटली.

आज बघितलं तर पातं गुंडाळलेलं. उकरलं, काशी आतून तपकिरी. पत्रा तापतो. हिला खोल काळी माती लागते, ओल शोधत खाली जाते ती. डब्यात कुठे जाणार?

जागेसाठी आणखी एकीला विचारलं होतं. कॉलेजातली मैत्रीण, नायगावला शेती आहे तिची. "घरी विचारते," म्हणाली. मग दिसली की रस्ता बदलते.

२६ एप्रिल, लातूर

उद्या दुपारी नांगर येणार. कुंपण आधीच काढून नेलं, कुणी ते माहीत नाही. बोर्ड पडलेला.

थोरली फुटलीय. या उन्हात. कापली, तुडवली, तरी बोटभर.

रज्जाकभाईंनी कुदळ काढून ठेवलीय. "खणतो मॅडम, पण ठेवायचं कुठं? या मोसमात पाणी न्हाई तर दुपारपर्यंत चिपाड."

आसपास पाणी असलेली विहीर एकच. दोघांनाही माहीत होतं. नाव कुणी घेतलं नाही.

शेवटी तेच म्हणाले, "नक्को मॅडम. तो माणूस त्या दिवसापासून कुणाशी बोलत न्हाई. अन् तुम्ही त्याला हे मागणार? हे?"

२७ एप्रिल, लातूर

सकाळी गेले. काशा ओल्या गोणपाटात, गोणपाट माझ्या हातात. रज्जाकभाई बांधापाशी थांबले, पुढे आले नाहीत.

नाहीच म्हणतील. रात्रीच ठरवून ठेवलं होतं, नाही म्हणतील, दोर फेकून मारतील, मी परत येईन. त्यांच्या जागी मी असते तर तेच केलं असतं.

मन्मथप्पा मोटेच्या धावेवर बसलेले. बैल नाहीत, धाव मोकळी. छावणीतल्या गुरांचा आवाज. त्यांची गुरं सोडून सगळ्यांची.

मला बघून उठले नाहीत, जा म्हणाले नाहीत. गोणपाटाकडे बघितलं.

"हे काय आनलंव?"

खोटं बोलायचं नव्हतं. "तीच ज्वारी. हिला थोरली म्हणते मी. सगळी नांगरतायत आज, एवढीच उरलीय."

"माझी बैलजोडी मारली ती?"

"हो. तीच."

खाली बसले, त्यांच्यापासून लांब, मातीत. गोणपाट उघडला नाही. बोलले, एका दमात, थांबले असते तर उठून गेले असते:

"अप्पा, विहिरीच्या खालच्या अंगाला एक ओळ लावू द्याल? कुंपण मी घालते, गुरांपासून राखायला मी माणूस ठेवते, पसरायला लागली तर तुम्ही स्वतः उपटून जाळा. कोवळी असताना ती पुन्हा विषारीच असेल, ते बदललेलं नाही. आणि पाऊस पडेपर्यंत पाणीही तुमचंच लागेल."