आयव्हीबाईंची चोवीस माणसं

२ मार्च, रविवार
ही वही एक जानेवारीला घेतली. आज दोन मार्च. मधे लिहिण्यासारखं काही घडलं नाही असं नाही. आधी पेन सापडत नव्हतं, पेन सापडलं तेव्हा वही हरवली, आणि दोन्ही एकत्र सापडल्यावर कंटाळा आला. आता रोज लिहिणार.

आढावा. वय तेवीस. आजवरची कामं: कालव्यावरच्या बोटी, स्कॉटलंडात मेंढ्या, सर्कशीत तंबू ठोकणे (अकरा दिवस). इल्कस्टनला आठवडाभरासाठी आलो, त्याला आठ महिने झाले. ग्लेंडाबाईंच्या माडीवर राहतो. कारण एकच: नेपोलियनच्या काळातले शिशाचे सैनिक. अंगठ्याएवढे. चॅपलच्या हॉलमध्ये दर गुरुवारी क्लबातले दहाबारा म्हातारे हिरवं कापड अंथरून जुन्या लढाया लावतात, फासे टाकतात, पट्टीने अंतर मोजतात आणि अर्ध्या इंचावरून भांडतात. मला माझी जागा सापडली आहे.

संकल्प: वर्षअखेर शंभर सैनिक रंगवणे. आजवर साडेतीन. (घोडा झाला, स्वार बाकी.)

६ मार्च, गुरुवार
मोठा दिवस! अँब्रोज व्हीटक्रॉफ्ट यांनी त्यांची पंचेचाळिसावी पलटण माझ्या हाती दिली. अँब्रोज क्लबातले सर्वांत जुने, जन्म कोळशाच्या खाणीत गेला. पलटण म्हणजे चोवीस लाल कोटवाले, १९७४ सालचे. तसे आता कुठे मिळत नाहीत. काम एवढंच: वाकलेल्या संगिनी सरळ करायच्या आणि पायाखालचे कुजलेले पुठ्ठे बदलायचे. २९ तारखेला टेबलावर बुसाकोची लढाई (१८१०, इंग्रज विरुद्ध फ्रेंच) आहे, तेव्हा ती कड्यावर उभी राहणार. म्हणाले, लेका, तुझी बोटं बारीक आहेत, माझ्या आता काठ्या झाल्यात. सगळ्यांसमोर म्हणाले.

डेरेक (नेहमी फ्रेंचांची बाजू घेतो, हरला की फाशांना शिव्या देतो) म्हणाला, अहो, यानं मागच्या महिन्यात स्वतःची बाही टेबलाला चिकटवली होती. गोंद खराब होता.

रंग अँब्रोज यांच्या बायकोनं दिलेला, आयव्हीबाईंनी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एक अख्खा हिवाळा. आता तिच्यानं ब्रश धरवत नाही, घर सुनं वाटतं, म्हणाले. पुढेही बरंच सांगत होते, पण तेवढ्यात डेरेकनं नव्या तोफा बाहेर काढल्या. एक तर फारच देखणी होती. वळलो तेव्हा अँब्रोज चष्मा पुसत होते. गेली बिचारी, हे मी ओळखलं. अशा गोष्टी मला न सांगता कळतात. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. ते जरा बावचळले.

९ मार्च
दोन संगिनी सरळ केल्या. तिसरी तुटली. चिकटवली. मग सैनिक नीट पाहिले. वार्निश पिवळं पडलेलं, पाक ओतल्यासारखं. एकाच्या नाकावर निळा डाग. एक चक्क तिरळा. एवढ्या मोठ्या लढाईत हे असे उभे राहणार? एक योजना सुचली आहे. आयव्हीबाईंच्या स्मरणार्थ.

१० मार्च
या छंदात पहिला धडा हाच: जुनं शिसं हाती आलं की आधी रंग उतरवायचा. क्लबात सगळे उतरवतात. बाजारात पोत्यानं घेतलेल्या सैनिकांचा उतरवतात हे खरं, पण शिसं ते शिसं. पुठ्ठ्यांवरून सगळे सोडवले. पायाखाली पांढऱ्या रंगात बारीक काहीतरी खरडलेलं होतं, साच्याचे नंबर असणार. ग्लेंडाबाईंचं पाइनच्या वासाचं जंतुनाशक भांड्यात ओतलं आणि चोवीसच्या चोवीस बुडवले.

ग्लेंडाबाईंनी विचारलं, राजा, माझ्या पुडिंगच्या भांड्यात काय शिजतंय? म्हटलं, पलटण. म्हणाल्या, सैन्य जेवायला घालायला मी बसलेली नाही, रविवारपर्यंत भांडं घासून ठेव.

११ मार्च
टूथब्रशनं घासलं. साय निघावी तसा रंग निघाला. आधी लाल, मग पांढरा, मग चेहरे. खूप समाधान वाटलं. शेवटचा उलटा करून घासताना खालची अक्षरं वाचली. नंबर नव्हता. 'नॉर्मन, दिव्याच्या खोलीतला.'

ब्रश थांबला. बाकी तेवीस जणांची अक्षरं भांड्याच्या तळाशी चिखल होऊन पडली होती. नॉर्मनचाही चेहरा गेलाच होता, फक्त नाव राहिलं.

१३ मार्च, गुरुवार
क्लबात गेलो नसतो तर बरं झालं असतं. अँब्रोज सगळ्यांना सांगत होते की पलटण म्हणजे त्यांच्या खाणीतल्या पाळीवरचे सोबती. चोवीस माणसं. आयव्हीबाई सगळ्यांना ओळखत, म्हणून प्रत्येकाचा चेहरा वेगळा, खाली नाव. खाणीतले दिवे सांभाळणाऱ्या नॉर्मनच्या नाकावर कोळसा घुसून राहिलेला निळा व्रण, तोसुद्धा तिनं सोडला नाही. खाण बंद झाली, बहुतेक जण गेले, आता ते फक्त त्या डब्यात आहेत.

मग मला विचारलं, काय लेका, कशी आहेत माझी माणसं? म्हटलं, स्वच्छ.

ते खूश झाले. माझ्यासाठी चहा आणला, दोन बिस्किटंही. बिस्किटं खाल्ली. हे लिहून ठेवतो, कारण याची मला नंतर सगळ्यात जास्त लाज वाटणार आहे.

१६ मार्च
घाबरायचं कारण नाही. रंगवलेलं पुन्हा रंगवता येतं. दिवसाला दोन, म्हणजे २७ ला पूर्ण होऊन वर एक दिवस उरतो. नियोजन ही माझी ताकद आहे. (भांडं घासलं. पुडिंगला पाइनचा वास आला. ग्लेंडाबाईंनी ते तसंच माझ्यासमोर ठेवलं.)

२१ मार्च
पलटणीच्या कॉलरचा हिरवा नेमका कसा ते पाहायला वाचनालयात गेलो. शेजारच्या पानावर उंटावरच्या तोफा होत्या. चार दिवस उंटांत गेले. रंगवलेले सैनिक: तीन. उंट: एक. त्याचा इथे उपयोग नाही.

२६ मार्च
चोवीस पूर्ण, नॉर्मनचा चेहरा सोडून. त्याच्या चेहऱ्याला हात लावायचा धीर होत नाही. बाकी तेवीस जण दिसायला सारखेच झालेत. ग्लेंडाबाईंनी चष्मा लावून पाहिलं, म्हणाल्या, अय्या, सगळे तूच रे! घाबरलेले.

मग सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. त्यांचा भाऊ त्याच खाणीत होता. एवढंच विचारलं, त्यात फ्रँक होता का? म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नाही. मी वाचलंच नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार
क्लबात गेलो नाही. ताप आहे असा निरोप पाठवला. अँब्रोज यांनी डेरेकबरोबर संत्री पाठवली. डेरेक दारातूनच म्हणाला, म्हातारा दोन रात्री झोपला नाहीये रे, शनिवारची वाट बघतोय. उद्या सकाळी मी जाऊन स्वतः सांगणार. नक्की.

२८ मार्च
पाऊस होता.

२९ मार्च, शनिवार, सकाळी
दहा वाजून दहाची बस. पिशवी भरली. डब्यावर चिठ्ठी ठेवायची आहे, ती सहाव्यांदा लिहितोय. ग्लेंडाबाई म्हणाल्या, चिठ्ठी कसली लिहितोस, तोंड आहे ना तुला? म्हटलं, वेळ नाही. खोटं आहे. पाऊण तास आहे.

नॉर्मन डब्यात ठेवला. काढला. खिशात घातला. पुन्हा ठेवला.

खाली दार वाजलं. अँब्रोज असतील तर मागच्या जिन्यानं

नाही, अँब्रोज नाहीत. ग्लेंडाबाई ओरडून सांगतायत: अरे, आयव्ही आलीय! स्केगनेसहून, लेकीकडून! लढाईला म्हणून मुद्दाम आलीय, आधी तिच्या माणसांची तोंडं बघायचीयत म्हणते. अँब्रोजनं म्हणे तुला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं!

सांगितलं असणार. मी तोफ बघत होतो.

खाली बसा म्हणतायत ग्लेंडाबाई, पण आयव्हीबाई ऐकत नाहीयेत. काठी जिन्यावर वाजतेय.